विंगेतला नवरा

शुक्रवार, ४ फेब्रुवारी २०००

आजपासून डायरी. दिग्दर्शकाने तालमींची नोंद ठेवावी, असं कॉलेजात आमचे सर सांगायचे. तेव्हा ठेवली नाही आणि आमच्या एकांकिकेला दुसरं बक्षीस मिळालं. आता सेहेचाळिसाव्या वर्षी ठेवतो आहे.

आज सतीशकडे मंडळाची मीटिंग झाली. रास अल खैमातली मराठी घरं चाळीसेक; कोणी सिमेंटमध्ये, कोणी बंदरावर, कोणी माझ्यासारखं टाइल्सच्या कारखान्यात. सतीश सिमेंटवाला आणि मंडळाचा अध्यक्ष. पाडव्याला आमचं ठरलेलं असतं: मुलांचे नाच, अंताक्षरी, शेवटी श्रीखंड-पुरी. मी म्हटलं, यंदा नाटक करू, आणि तेही अमेरिकन. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग मी पुस्तक काढलं. आमच्या शर्वाणीला तिच्या शाळेत नाटक शिकवणाऱ्या सुरैय्या मॅडमनी वाचायला दिलेलं ते पातळसं पुस्तक मी काल दुपारी एका बैठकीत संपवलं. लिहिणाऱ्या बाई ओहायो राज्यातल्या, हयात आहेत, अजून लिहितात. तीन विनोदी एकांकिका आणि तीन ऐतिहासिक स्वगतं. एकांकिका तर फर्मास. स्वगतं मी नुसती चाळली, पण 'ऐतिहासिक' हा शब्द वाचूनच माझ्या अंगात आलं.

"पब्लिकला हसायचंय यार," सतीश म्हणाला. "कॉमेडी मेन ठेव. एक ऐतिहासिक मध्ये टाक, लेडीज पण खूश. खलास."

स्वगत कुमुदला द्यायचं ठरलं. माझी बायको म्हणून नव्हे. पुण्यात ती शाळेत शिकवत होती आणि तिचे उच्चार स्वच्छ आहेत. ती तेव्हा सगळ्यांना सँडविचेस वाढत होती. मला हळूच म्हणाली, पुस्तक आधी मी वाचू का? मी म्हटलं, वाच की, पण रूपांतर मीच करणार आहे, तेव्हा तशी काही गरज नाही.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

रूपांतर जोरात चालू आहे. ओहायोकर बाईंच्या एकांकिकेत (मी त्यांना आता असंच म्हणतो) एक म्हातारा गेल्याची बातमी गावभर होते. त्यांच्याकडे रीत अशी की दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण पोहोचवायचं. अख्खं गाव बटाट्याचं सॅलड घेऊन येतं, तेवढ्यात म्हातारा मासे पकडून घरी परततो, आणि आता सॅलड परत न्यावं की ठेवावं हे कोणालाच कळेना. हे तर आपलंच. मी ओहायोची सांगली केली, सॅलडचा पिठलं-भात केला, म्हाताऱ्याचे अण्णा केले. अण्णा सतीश करणार.

शर्वाणी म्हणाली, "बाबा, व्हाय कान्ट दे जस्ट बी अमेरिकन्स?" मी तिला समजावलं, मराठी रंगभूमीवर परका माणूस आला की आपण त्याला आधी धोतर नेसवतो. तिची दहावीची परीक्षा तोंडावर आहे. तिने अभ्यास करावा.

शनिवार, १२ फेब्रुवारी

आज स्वगत नीट वाचलं आणि चक्रावलो. यात ऐतिहासिक काय आहे?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, एवढंच. नेब्रास्का नावाचं उजाड माळरान. तिथे सरकारचा कायदा असा की पाच वर्षं जमिनीवर राहून दाखवा, जमीन तुमची. एक जोडपं गाव सोडून तिथे गेलेलं. मातीच्या ढेकळांचं घर. नवरा बाहेर विहीर खणतो आहे, तो दिसतच नाही, आणि बायको आतून त्याच्याशी बोलते आहे. ना लढाई, ना राजा, ना दरबार. वारा फार आहे म्हणते. कोणाशी बोलायला नाही म्हणते. पाच वर्षं झाली म्हणते. मग दिवा लावते आणि संपतं. हिचं नाव कुठल्या इतिहासात आहे?

बराच विचार करून मी मार्ग काढला. नेब्रास्काचं पानिपत करायचं. लढाईच्या आदल्या दिवशीची छावणी, सरदार मोर्चावर गेलेला, सरदारीण तंबूत. नऊवारी, नथ, कमरेला तलवार. पहिलं वाक्य झालंही: "हे यमुनामाई, आज तुझ्या तीरी मराठमोळ्या सौभाग्याचा कौल लागणार आहे!" कुमुदला वाचून दाखवलं. ती म्हणाली छान आहे. मग म्हणाली, पण मला ती मातीच्या घरातली बाई आहे तशीच आवडली होती. मी म्हटलं, तुला आवडून काय उपयोग, लोकांना कळायला नको का?

पुस्तक तिच्या उशाशी असतं हल्ली.

गुरुवार, २४ फेब्रुवारी

फार मोठी बातमी. जीएमनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की नव्या प्लँटची क्वालिटी माझ्याकडे येणार. सध्याचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरअखेर संपतं, ते संपलं की नवं पाच वर्षांचं, मॅनेजरच्या हुद्द्याचं. सही जूनमध्ये, ते सुट्टीवरून आल्यावर. मी तिथेच होकार दिला.

संध्याकाळी सतीश भेटला, त्याला सांगितलं. राहवलं नाही. कुमुदला मात्र पाडव्याला सांगणार. चांगला दिवस आहे, आनंदाची बातमी चांगल्या दिवशी द्यावी. नव्वद साली आम्ही आलो तेव्हा तिला मी पाच वर्षं म्हटलं होतं. ती शाळेतून बिनपगारी रजा काढून आली होती. पुढे राजीनामा पाठवला. पाच वर्षं झाली तेव्हा मी शर्वाणीच्या दहावीपर्यंत म्हटलं. आता दहावी होतेच आहे. जूनमध्ये शर्वाणी अकरावीला पुण्याला जाईल, मामाकडे राहील, आणि कुमुद तिला सोडून पंधरा दिवसांत परत येईल. असं ठरलं आहे. म्हणजे मी ठरवलं आहे आणि ती नाही म्हणालेली नाही.

तिचा व्हिसाही जूनमध्ये संपतो. रिन्यू करायला मेडिकल लागतं. मी दोनदा आठवण केली. आधी परीक्षा होऊ दे, म्हणाली.

शुक्रवार, १० मार्च

तालमीत गोंधळ. सतीशची बायको छाया आज एकदम म्हणाली, पाडव्याच्या दिवशी स्टेजवर मयत कशी दाखवायची? नवं वर्ष, आणि अण्णा गेले म्हणून रडायचं? सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. तेव्हा मयत काढून साखरपुडा घातला. आता लोक अण्णांच्या मुलीच्या साखरपुड्याला पिठलं-भात का घेऊन येतात, हे कोणालाच सांगता येईना. सतीश म्हणतो, विचारतंय कोण, हबीबी, पब्लिक हसेल.

मी हसतो का ते बघितलं. हसू आलं नाही. कारखान्यात टाइल वाजवून बघितली की तडा आवाजातच कळतो. इथे तसं काहीच कळत नाही.

मंगळवार, १४ मार्च

परवानगी हवी म्हणून मी गेल्या महिन्यात शर्वाणीच्या हॉटमेलवरून ओहायोकर बाईंना ई-मेल टाकला होता. आज उत्तर आलं. एवढ्या मोठ्या लेखिकेने आपल्याला उत्तर द्यावं. छाती भरून आली, पण मजकूर वाचून बुचकळ्यात पडलो. त्या लिहितात की विनोदी एकांकिकेचं काय वाटेल ते करा, तीन देशांतल्या लोकांनी आधीच केलं आहे. मात्र माळरानावरच्या बाईच्या हातात काही देऊ नका, तिचे हात रिकामे असू द्या. आणि काम करणाऱ्या बाईंना विचारा, कुठल्या वाक्यावर त्यांची जीभ अडते. मी दिग्दर्शकांना कधी विचारत नाही, असंही लिहिलं आहे. हे जरा लागलंच मला. पानिपताचं मी त्यांना कळवलेलं नाही.

तरी कुमुदला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "पाच वर्षं झाली, हे वाक्य."

आता यात अडण्यासारखं काय आहे? साधी तीन शब्दांची गोष्ट. शिवाय ते माझ्या पानिपतात नाहीच, ते मूळ इंग्रजीत आहे. मी म्हटलं, "'पाच'वर श्वास घे, म्हणजे पुढचं सुटं येईल." करते प्रॅक्टिस, म्हणाली.

शनिवार, २५ मार्च

सगळं पाण्यात. हॉल सांभाळणारा मुश्ताक आज म्हणाला, "तलवार नहीं चलेगी सर. लकड़ी की भी नहीं. ऊपर से मना है." मी त्याला समजावलं की ही ऐतिहासिक तलवार आहे. तो म्हणाला, ऐतिहासिक भी नहीं. घोड्यांच्या टापांची कॅसेट दुबईत मिळाली नाही. छायाकडची नथ कुमुदला बोचते, आणि नऊवारी नेसवायला येणाऱ्या बाई ऐन वेळी भारतात निघाल्या.

मी डोक्याला हात लावून बसलो. तेव्हा कुमुद म्हणाली, "अहो, मग मूळचंच करू का? मी मराठी करून ठेवलंय." कधी केलं कोण जाणे. तीन पानं, तिच्या शिक्षिकेच्या अक्षरात. मी भरभर वाचलं. भाषा अगदीच साधी, विशेषणं नाहीत, पण आता इलाज काय? एवीतेवी तलवार नाहीच. मी हो म्हटलं, आणि मला म्हणायला हवं की तिचा चेहरा एकदम उजळला. स्वगताची तालीम तूच घे, मी साखरपुड्यात अडकलोय, असं सांगितलं.

बुधवार, ५ एप्रिल

पाडवा. बाल्कनीत आतल्या बाजूने गुढी. शर्वाणीची परीक्षा संपली. जेवताना कुमुदने विचारलं, जीएमशी पुढच्या वर्षाचं काही बोलणं झालं का? बातमी ओठांवर आली होती. पण शुक्रवारी प्रयोग आहे, प्रयोगानंतर सांगू, आनंद दुप्पट होईल, असं वाटलं. बघू, म्हटलं.

तिने विचारलं, बघू म्हणजे? मी म्हटलं, बघू म्हणजे बघू. आणखी श्रीखंड वाढून घेतलं.

शनिवार, ८ एप्रिल

काल प्रयोग झाला. काय झालं ते अजून माझ्या नीट ध्यानात येत नाही, म्हणून क्रमाने लिहितो.

साखरपुडा आधी. लोक हसले, पण भलत्याच ठिकाणी. जिथे मी विनोद घातले होते तिथे सगळे पंख्यांकडे बघत होते, आणि सतीशचं धोतर सुटायला लागलं तेव्हा हॉल डोक्यावर घेतला. असो.

मग पडदा पाडून स्टेज रिकामं केलं. एक स्टूल, एक कंदील, बाकी काही नाही. कुमुद साध्या करड्या साडीत. मी प्रॉम्प्टर म्हणून डाव्या विंगेत, हातात तिची तीन पानं. तेवढ्यात सतीश पडद्यापुढे माइक घेऊन उभा राहिला. मंडळाचे आभार मानता मानता म्हणाला, "आणि एक गुड न्यूज. आपला देवदत्त आता मॅनेजर. कंपनीने पाच वर्षं एक्स्टेन्शन दिलंय. म्हणजे आपला डायरेक्टर कुठे जात नाही, पुढची पाच नाटकं पक्की!" टाळ्या. मी विंगेतून त्याला हाताने थांब म्हणत होतो, त्याला वाटलं मी अभिवादन करतोय.

कुमुद पडद्याच्या आत स्टुलावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खूण केली, नंतर सांगतो. पडदा उघडला.

मूळ नाटकात नवरा बाहेर विहीर खणत असतो, म्हणून ती डाव्या विंगेकडे तोंड करून बोलते. म्हणजे मी उभा होतो तिकडे. पहिलं पान उत्तम. वारा, मातीचं घर, पावसात छतातून गळणारा चिखल, शेजारीण म्हणून बोलायला एक कोंबडी. लोक हळूहळू शांत झाले. दुसऱ्या पानावर ते वाक्य आलं.

"अहो, पाच वर्षं झाली," ती म्हणाली आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

मला वाटलं, अडली. हेच वाक्य अडतं असं ती म्हणाली होती. मी पुढचं वाक्य दिलं: "जमीन आपली झाली." मग मी जरा मोठ्याने दिलं. ती म्हणाली, "ऐकू येतंय मला. तुम्हीच ऐका थोडं."

मी पानं उलटून पाहिली. हे कुठेच नव्हतं.

मग ती म्हणाली, "तुम्ही शेजाऱ्याला सांगितलंत. मला नाही सांगितलंत. मी काही लांब नव्हते, स्वयंपाकघरात होते. पहिल्या पाच वर्षांना मी हो म्हटलं होतं. पुढच्या पाचांना गप्प बसले. आता या पाचांना मी काय म्हणायचं, तेही तुम्हीच सांगून टाका."

ओहायोकर बाईंच्या नेब्रास्कात शेजारी नाहीच, म्हणून तर कोंबडी आहे. मी घाबरून तिसऱ्या पानाचं पहिलं वाक्य ओरडून दिलं. ते तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं असणार. पण कोणी हसलं नाही. मग तिने तेच वाक्य घेतलं, ओळीवर आली, कंदील लावला, संपवलं.

टाळ्या वाजल्याच नाहीत आधी. मी बघितलं तर बायका पदराने डोळे पुसत होत्या. छाया तर हुंदके देत होती, आणि तिला तर नाटक कळत नाही. काही पुरुष उठून पार्किंगमध्ये गेले. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. मुश्ताक, ज्याला मराठी येत नाही, तो दिव्यांच्या बटणापाशी उभा राहून म्हणाला, "भाभीजी ने किसको बोला ये सब?"

मी म्हटलं, नवऱ्याला. नेब्रास्कातल्या.

रविवार, ९ एप्रिल

ऑफिसातून आल्यावर शांतपणे विषय काढला. दिग्दर्शक म्हणून मला माहीत असायला हवं, दुसऱ्या पानावरची ती जादा वाक्यं कुठून आली? ओहायोच्या बाईंनी लिहिलेली नाहीत.

"नाहीत," ती म्हणाली. "ती सतीशभाऊंनी दिली. माइकवर."

मी तिला पुन्हा नीट सांगायला लागलो की पाडव्याला सरप्राइज द्यायचं होतं, शुभ दिवस होता. तिने ऐकून घेतलं. मग ज्या आवाजात ती शर्वाणीचं दप्तर आवरायला सांगते, त्याच आवाजात म्हणाली, "मी शर्वाणीबरोबर पुण्याला जाते आहे. राहायला. मेडिकल करणार नाही. व्हिसा रिन्यू करू नका."

"पंधरा दिवसांत परत येणार होतीस."

"ते तुम्ही ठरवलं होतंत."

"तू नाही कुठे म्हणाली होतीस?"

"हो पण म्हटलं नव्हतं."

मला भयंकर राग आला. एवढं प्रमोशन, मोठा फ्लॅट, आणि ही निघाली. मी म्हटलं, कारण तरी सांग. ती म्हणाली, सांगितलं की, दीडशे माणसांसमोर सांगितलं. मी म्हटलं ते नाटक होतं. ती चहा टाकायला आत गेली. दोन कप आणले. काय समजायचं माणसाने?

शुक्रवार, २१ एप्रिल

रोज एकेक मुद्दा मांडून बघतो. शर्वाणी मामाकडे सुखात राहील. उन्हाळ्यात तर तू जातेसच. पाच वर्षं बघता बघता जातील. या शेवटच्यावर ती हसली, पण ते हसू मला आवडलं नाही. भांडत नाही, रडत नाही. माझ्या शर्टांना इस्त्री करते आणि बॅगा भरते.

शर्वाणीला विचारलं, आई तुला काही बोलली का? ती म्हणाली, "शी टोल्ड यू, बाबा. एव्हरीबडी हर्ड."

फुजैराच्या मंडळातले कोणी प्रयोगाला आले होते. त्यांना हे स्वगत मे महिन्यात तिकडे हवं आहे. साखरपुडा नको, फक्त स्वगत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी कुमुदला विचारलं. मला वाटलं नाही म्हणेल. ती म्हणाली, करेन, आणि प्रॉम्प्टिंगला तुम्हीच उभे राहा.

शनिवार, २० मे

काल फुजैराला गेलो. दुपारचा प्रयोग, बंदरावर काम करणाऱ्यांची वीस-पंचवीस कुटुंबं, शाळेचा छोटा हॉल. दिवे सांभाळायला मुश्ताक हौसेने आमच्या गाडीतून आला होता.

या वेळी मी तयारीत होतो. तिने काय घालायचं ते घालू दे, मी गडबडायचं नाही, असं ठरवून विंगेत उभा राहिलो. ती एकही ओळ चुकली नाही. शेजारी नाही, माइक नाही, सगळं पुस्तकातलं. मला हायसं वाटलं आणि, का कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं. पाच वर्षं झाली, हे वाक्यही सरळ गेलं. नंतर कंदील लावला. इथे संपतं.

पण ती कंदील घेऊन विंगेच्या दिशेने चालत आली. दोन हातांवर थांबली. प्रकाश माझ्या तोंडावर आला. प्रेक्षकांना मी दिसत नव्हतो, तिला दिसत होतो.

"मी निघाले," ती म्हणाली. "तुम्ही येता का?"

मी पानाकडे पाहिलं. तिसरं पान संपलं होतं. मागे उलटून पाहिलं, मागची बाजू कोरी होती. नवऱ्याला या नाटकात एकही वाक्य नाही. ती थांबली होती. हॉल थांबला होता. मी दिग्दर्शक आहे, प्रॉम्प्टर आहे, दुसऱ्यांची वाक्यं मला पाठ असतात. इथे काय बोलायचं असतं हे मला कोणी दिलंच नव्हतं. मुश्ताकला वाटलं संपलं. त्याने दिवे घालवले.

परतताना मसाफीचे डोंगर लागले. मुश्ताक पुढे बसून पेंगत होता. मागून शर्वाणी म्हणाली, "बाबा, शी वॉज आस्किंग यू." मी म्हटलं, मला नाटक कळतं. मग आरशात कुमुदकडे बघून म्हटलं, "आधी सांगितलं असतंस तर नवऱ्याला एखादं वाक्य लिहिलं असतं."

ती खिडकीबाहेर बघत होती. "लिहिलेलं नको होतं मला," ती म्हणाली.

शुक्रवार, ९ जून

काल दोघींना शारजा विमानतळावर सोडलं. शर्वाणी रडली. कुमुदने माझ्या डब्याचं, गॅसचं, किराणावाल्याचं सगळं सांगितलं. मी हो हो म्हणत होतो. आत जाताना तिने मागे वळून पाहिलं. मला वाटलं पुन्हा विचारेल. या वेळी मी तयार होतो असं म्हणणार नाही, पण तोंड उघडून उभा तरी होतो. तिने विचारलं नाही. माझ्या मागच्या माणसाची ट्रॉली मला लागली, मी बाजूला झालो, तेवढ्यात त्या आत गेल्या.

घर फार मोठं वाटतं. आणि मला मोठा फ्लॅट मिळणार आहे म्हणे. मला तिची आठवण येते आहे, हे लिहून ठेवतो.

सोमवार, १२ जून

जीएम आले. कॉन्ट्रॅक्ट टेबलावर ठेवलं. मी पेन काढलं आणि माझी सही मला आठवेना, असं काहीतरी झालं. उद्या करतो म्हटलं. ते म्हणाले, एनी प्रॉब्लेम? मी म्हटलं, नो सर. प्रॉब्लेम काय आहे ते मला तरी कुठे माहीत आहे? चांगली नोकरी आहे. कोणीही सही केली असती.

दुपारी गाडी घेऊन समुद्राकडे गेलो. काचा बंद, एसी चालू. मोठ्याने म्हणून बघितलं: येतो. कसं वाटतं ते बघायला. काही विशेष वाटलं नाही. पुन्हा म्हटलं. मग रडू आलं. का ते सांगता येणार नाही, वाक्यात तसं काहीच नाही.

मंगळवार, १३ जून

आज सकाळी ऑफिसला जायच्या आधी पुण्याला फोन लावला. मामाने उचलला आणि कुमुदला हाक मारली. ती आली. शर्वाणीचे फॉर्म भरून झाले म्हणाली. तिच्या जुन्या शाळेत जाऊन आली, एका बाईंच्या बाळंतपणाच्या रजेत शिकवशील का म्हणून विचारलं आहे. मी ते सगळं ऐकलं. तिने विचारलं, काही बोलायचं होतं का?

मी म्हटलं, "येतो."

मग म्हणाली, "कधी?"

हे मी ठरवलेलं नव्हतं. सतीशशी बोललो नव्हतो, जीएमशी नाही, कोणाशीच नाही. तोंडातून आलं, "डिसेंबर. कॉन्ट्रॅक्ट संपलं की. नवी सही करत नाही."

बोललो आणि खुर्चीत बसलो. आता काय करून बसलो मी? पुण्यात मला कोण नोकरी देणार? तिला काही बोल म्हटलं. मी विचारलं, तुझ्या इथे भिंतीवर कॅलेंडर आहे ना, त्यावर लिहून ठेव.

"नाही," ती म्हणाली. आवाज बदललेला होता, हसत होती की काय ते कळेना. "आल्यावर लिहीन."